परीक्षा आपल्या रस्त्याची घ्या

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



मार्च २०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाने एक मसुदा अधिसूचना काढली. आठपेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या बस-मिनीबस आणि मध्यम व जड ट्रक यांना तीन यंत्रणा बंधनकारक कराव्यात, असा तो प्रस्ताव होता. समोर अडथळा असूनही चालकाने काही केले नाही तर स्वतःहून ब्रेक लावणारी एक, चालकाला डुलकी लागते आहे हे ओळखणारी दुसरी आणि गाडी लेन सोडू लागली की सावध करणारी तिसरी. हे पत्र पहिलीविषयी आहे. तिचा मोठा भार बंपरमागे बसवलेल्या, तळहाताएवढ्या रडारवर असतो. निर्णय योग्य दिशेचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. रडार किती भारी आहे यापेक्षा त्याची परीक्षा कशी घेतली, यावर ते रस्त्यावर काय करील हे ठरते. आणि ती परीक्षा आपण दुसऱ्यांच्या रस्त्यावरून उचलून आणली आहे.

रडार काय करते, हे आधी थोडे पाहू. ते सुमारे ७७ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी पुढे सोडते. या लहरींची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. (१८९०च्या दशकात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरींवर प्रयोग करत होते, तेव्हा हे क्षेत्र आपल्याला अगदीच परके म्हणता येणार नाही.) सोडलेल्या लहरीची वारंवारता काही मायक्रोसेकंदांत चढत जाते. समोरच्या वस्तूवर आपटून परतलेली लहर आणि त्या क्षणी निघत असलेली लहर यांच्या वारंवारतेत जो फरक पडतो, त्यावरून अंतर काढता येते. शंभर मीटरवरच्या ट्रकवरून लहर परतायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. वेगही थेट मिळतो, कारण जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता वाढते. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते, त्यामागचे तत्त्व हेच. कॅमेऱ्याला समोरचे चित्र किती झपाट्याने मोठे होते आहे यावरून वेगाचा अंदाज बांधावा लागतो. रडार तो मोजते. शिवाय अंधार, धुके, धूळ यांचा रडारला फारसा त्रास होत नाही, मुसळधार पावसातही शंभर-दीडशे मीटरपर्यंत त्याचे काम चालते. मर्सिडीजने १९९०च्या दशकाच्या अखेरीस एस-क्लासमध्ये असे रडार बसवले, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज मुंबई-पुण्यात दिसणाऱ्या मध्यम किमतीच्या कितीतरी गाड्यांमध्ये ते आहे.

उपयोग होतो का, याचे उत्तर आता अंदाजाने द्यायचे कारण नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने पोलिसांकडच्या अपघात नोंदी तपासल्या. नुसता इशारा देणाऱ्या यंत्रणेने मागून धडकण्याचे अपघात सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाले होते, तर इशाऱ्याच्या जोडीला स्वयंचलित ब्रेक असलेल्या गाड्यांत जवळजवळ निम्म्याने. जड ट्रकांबाबत तिच्या २०२० च्या अभ्यासात ही घट ४० टक्क्यांच्या थोडी वरच होती. आपल्याकडे याचे मोल अधिक असायला हवे. आपल्याच मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर गेली. त्यांत दुचाकीवरची सुमारे ४४.५ टक्के, पायी चालणारी १९.५ टक्के. म्हणजे दर तीन मृतांपैकी जवळजवळ दोघांभोवती पत्र्याचे कवचच नव्हते. एअरबॅग आणि सीटबेल्ट आतल्या माणसाला वाचवतात. ट्रकच्या बंपरमागचे रडार बाहेरच्याला वाचवू शकते. गाडी विकत घेणारा एक आणि फायदा होणारा दुसराच, अशी ही वस्तू असल्याने ती बाजाराच्या मर्जीवर सोडता येत नाही. सरकारनेच सक्ती करावी लागते. म्हणून मसुद्याची सुरुवात मोटारींऐवजी बस-ट्रकपासून झाली, हे मला विशेष शहाणपणाचे वाटते.

आता अडचणीकडे येतो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक मिनीबस थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि बारा जणांचा जीव गेला. त्या बसमध्ये रडार असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण अपघाताचा प्रकार लक्षात घ्या: अंधारी वेळ, मोकळा रस्ता, पुढे उभे असलेले वाहन. सामान्य माणसाला वाटेल की रडारसाठी याहून सोपे काम नाही. प्रत्यक्षात त्याच्यासाठी हेच सर्वांत अवघड. ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला उभा ट्रक शंभरच्याच वेगाने अंगावर येताना दिसतो. पण रस्त्याकडेचे कठडे, डोक्यावरची कमान, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, गटाराचे झाकण हे सगळेही अगदी त्याच वेगाने येतात. साध्या रडारला वस्तू किती उंचीवर आहे हे नीट कळत नाही. वरची कमान आणि समोरचा ट्रक यांतला फरक त्याला पुरेसा आधी उमगत नाही. प्रत्येक कमानीखाली गाडी करकचून थांबू नये म्हणून जुन्या यंत्रणांनी सोपा मार्ग काढला: जे कधी हलताना दिसलेच नाही त्याकडे दुर्लक्ष करायचे. म्हणूनच कितीतरी गाड्यांच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की थांबलेल्या वाहनांना यंत्रणा प्रतिसाद देईलच असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने टेस्लाच्या गाड्यांची चौकशी सुरू केली, ती रस्त्यात थांबलेल्या अग्निशमन आणि पोलिसांच्या वाहनांवर त्या धडकल्यामुळे. ज्या काळातल्या त्या गाड्या, त्यातला बहुतेक काळ कंपनी पुढे रडार बसवत असे.

दुसरी अडचण कोनाची आहे. रडारला अंतर सेंटिमीटरांत कळू शकते, पण दिशा ढोबळच कळते. दहा सेंटिमीटर रुंदीचा अँटेना चार मिलिमीटर लहरींवर साधारण दोन अंशांपर्यंतच वेगळे करून पाहू शकतो. दोन अंश म्हणजे शंभर मीटरवर साडेतीन-चार मीटर, म्हणजे एक अख्खी लेन. एवढ्या पट्ट्यात ट्रकला लागून चाललेली दुचाकी ट्रकच्याच प्रतिध्वनीत मिसळून जाऊ शकते. त्यातून मोटारीच्या मानाने माणूस रडारला दहापट, कधी त्याहूनही क्षीण दिसतो. याचा परिणाम नोंदींत उतरलेला आहे. वर सांगितलेल्या अमेरिकी संस्थेच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार, समोर मोटार असताना मागून धडकण्याचे प्रमाण या यंत्रणेने ५३ टक्क्यांनी कमी झाले. समोर मोटरसायकल असताना ४१ टक्क्यांनीच. ज्या देशात मोटरसायकल हेच लोकांचे मुख्य वाहन आहे, तिथे हा फरक किती जिवांचा होतो याचा हिशेब आपले मंत्रालय करू शकेल. आणि आपल्याकडे याहून वेगळे नमुने आहेत. ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर रात्री चालणारी ट्रॉली घ्या. टेललाइट नाही, रिफ्लेक्टर पाल्याखाली झाकलेला, आणि मोळ्या ट्रॉलीच्या बऱ्याच मागे लोंबत असतात. जोरकस प्रतिध्वनी लोखंडी सांगाड्यावरून येणार, धडक मात्र त्याआधी उसाशी व्हायची. ट्रकमागे लांब निघालेल्या सळ्यांचे तेच. सळी टोकाकडून पाहिली तर रडारला जवळजवळ दिसतच नाही. अशा सळ्यांवर २०१४ पासून बंदी आहे, हे खरे. ती रस्त्यावर किती पाळली जाते हे आपल्याला ठाऊकच आहे. बंद पडलेल्या ट्रकमागे क्लीनर झाडाची फांदी आणि चार दगड ठेवतो, त्यांतून रडारला तर काहीच सांगता येत नाही.

तंत्रज्ञान यावर अडून बसलेले नाही. बारा अँटेनांनी लहरी सोडायच्या आणि सोळांनी झेलायच्या, म्हणजे गणिताने १९२ अँटेनांइतकी बारकाई मिळते. अशी रडारे आज उपलब्ध आहेत आणि ती उंचीही मोजतात. बहुतेक यंत्रणा रडारच्या जोडीला कॅमेरा घेतात. काय आहे ते कॅमेऱ्याने सांगायचे, किती दूर आणि किती वेगात ते रडारने. पण या जोडीत एक मेख आहे. दोघांचे एकमत झाल्याशिवाय ब्रेक लावायचा नाही असे ठरवले, तर रात्री रडारला दिसले तरी कॅमेऱ्याला न दिसल्यामुळे गाडी तशीच पुढे जाते. पादचाऱ्यांसाठीच्या स्वयंचलित ब्रेकने अशा धडका एकूण २७ टक्क्यांनी घटल्या, पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक पडला नाही, असे त्याच संस्थेला २०२२ मध्ये आढळले. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी-गाडीखाली एक महिला गेली. तपासात निघाले की यंत्रणेला तिची चाहूल धडकेच्या ५.६ सेकंद आधी लागली होती. ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याबद्दलचे मत यंत्रणा बदलत राहिली, आणि गाडीतला मूळचा आपत्कालीन ब्रेक तर बंदच ठेवलेला होता. दिसणे आणि थांबणे यांच्यामध्ये एक निर्णय असतो. नुसत्या रडारच्या शब्दावर कितपत विसंबायचे, हे कंपनीचे अभियंते ठरवतात, आणि ते ठरवताना त्यांच्यासमोर असते ती उत्तीर्ण व्हायची परीक्षा.

ती परीक्षा कशी आहे ते पाहू. जड वाहनांच्या आपत्कालीन ब्रेकसाठीचे आपले मानक एआयएस १६२ संयुक्त राष्ट्रांच्या १३१ क्रमांकाच्या नियमाच्या धर्तीवर आहे. त्या नियमाच्या मूळ रूपात समोर ठेवायचे लक्ष्य म्हणजे सर्रास विकली जाणारी सेडान मोटार किंवा तिची मऊ प्रतिकृती. एकदा ती हलती, एकदा उभी. उभ्या मोटारीसमोर वेग ठरावीक इतका कमी झाला की काम झाले. युरोपातल्या मोटरवेवर, जिथे सायकलीला आणि बैलगाडीला मज्जावच असतो, तिथे अशी सुरुवात समजण्यासारखी होती. त्यांनीही पुढे नियम कडक केला आणि पादचारी आणले. मोटारींना तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२३ पासून मोटरसायकलस्वार चाचणीत घेतला. आपल्या महामार्गावरच्या ट्रकसमोर मात्र सेडानच येते असे नाही. त्याच्यासमोर दुचाकी, ट्रॉली किंवा दुसरा बंद पडलेला ट्रकही येतो. आपण या चाचण्या मागितल्या नाहीत तर कंपन्या त्यांसाठी यंत्रणा घडवणार नाहीत, आणि तो त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो आपल्या वाहतुकीच्या गोंधळाचा. इथे दर मिनिटाला कोणीतरी आडवा घुसतो, यंत्र उगाच ब्रेक लावील आणि मागचा येऊन आदळेल. मोटारींतले चालक शहरात शिरताच ही यंत्रणा बंद करतात, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. आक्षेप खोटा नाही, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. आंतरराष्ट्रीय नियमात खोट्या ब्रेकची चाचणी अशी आहे: साडेचार मीटर अंतर ठेवून दोन मोटारी उभ्या करायच्या आणि वाहनाने त्यांच्यामधून ताशी पन्नासने जायचे. यंत्रणा गप्प राहिली की उत्तीर्ण. साडेचार मीटर! आपल्या बाजारपेठेतल्या रस्त्यावर एवढ्या जागेत दोन रिक्षा, एक हातगाडी आणि एखादी दुचाकी मावतात. तेव्हा उगाच लागणाऱ्या ब्रेकची चाचणीही आपल्याच गर्दीची हवी. महामार्गावर तर हा आक्षेप आणखी लंगडा पडतो. ताशी ऐंशीने चाललेल्या भरल्या ट्रकच्या चालकाने दीड सेकंदात प्रतिसाद दिला, तरी तोवर ३३ मीटर गेलेले असतात, आणि पुढे थांबायला साधारण ५० मीटर लागतात. खालच्या झोतातला हेडलाइट पन्नास-साठ मीटरच दाखवतो. म्हणजे चालक जागा असला, शुद्धीत असला, तरी तो आपल्या नजरेपेक्षा वेगाने गाडी हाकत असतो. दीडशे मीटर पाहणाऱ्या यंत्राची गरज नेमकी इथेच आहे.

आधी रस्ते नीट करा, परवाने नीट द्या, मग यंत्रांचे बघू, असे दुसरे म्हणणे. रस्ते आणि परवाने नीट व्हायलाच हवेत, पण एकासाठी दुसरे थांबवण्याचे कारण मला दिसत नाही. आज विकलेला ट्रक पंधरा वर्षे रस्त्यावर राहील. तोपर्यंतचे अपघात कोणाच्या खात्यावर मांडायचे? खर्चाचा मुद्दा त्याहून हलका आहे. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करताना हीच ओरड झाली होती. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या उत्पादनासाठी तो नियम आपण केलात. पूर्वी महागड्या अर्धवाहकांवर बनणारे रडार आता साध्या सिलिकॉनच्या चिपवर बनते, आणि सक्तीमुळे संख्या वाढली की किंमत आणखी उतरते.

रडार कशाला, नुसता कॅमेरा पुरे, असेही म्हटले जाते, आणि टेस्लाने २०२१ मध्ये मॉडेल ३ व मॉडेल वाय यांतून रडार काढल्याचा दाखला दिला जातो. दिव्यांच्या रस्त्यांवर आणि कंपनीच्या हिशेबात ते बसत असेल. डिसेंबरातल्या धुक्यात यमुना एक्स्प्रेसवेवर किंवा पहिल्या पावसात कसारा घाटात कॅमेऱ्याला जे दिसते तेवढेच चालकालाही दिसते. अशा वेळी यंत्राला माणसापेक्षा वेगळे डोळे असावेत, यातच त्याची उपयुक्तता आहे. मानकात तंत्राचे नाव घालू नये, हे मला मान्य. धुक्याची आणि अंधाराची चाचणी घाला, रडार ठेवायचे की नाही ते कंपन्या आपोआप ठरवतील.

यंत्रावर विसंबून चालक गाफील होतील, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. स्टिअरिंग सोडून, कधी मागच्या सीटवर बसून चित्रफिती काढणारे महाभाग आपल्याकडे निपजले आहेत. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. गाडी लेनमध्ये धरून ठेवणारी, अंतर राखून आपोआप चालवणारी यंत्रणा माणसाला सुस्त करते. ती आरामाची वस्तू आहे आणि तिच्या जाहिरातींवर लगाम हवा. आपत्कालीन ब्रेक शेवटच्या दीड-दोन सेकंदांपर्यंत गप्प असतो आणि लागला तर चालकाच्या पोटात गोळा आणतो. त्याच्या भरवशावर कोणी रोज गाडी चालवणार नाही.

एका गोष्टीची चर्चा मात्र जवळजवळ होतच नाही, आणि ती आहे गाडी विकल्यानंतरची. रडारचे तोंड एका अंशाने वाकडे झाले तर शंभर मीटरवर ते पावणेदोन मीटर, म्हणजे अर्धी लेन, बाजूला पाहू लागते. शेजारच्या लेनमधल्या ट्रकसाठी ब्रेक लावायला आणि समोरचा सोडून द्यायला एवढे पुरते. आपल्याकडे बंपरला धक्का लागणे ही रोजची बाब, आणि त्यानंतर गाडी जाते ती नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे. त्याने रडारसमोरच्या भागावर धातुमिश्रित रंगाचे आणखी दोन थर दिले, पुट्टी भरली, की लहरी तिथेच अडू शकतात. बुल गार्डवर डिसेंबर २०१७ पासून मनाई असूनही ती सर्रास बसवली जातात, आणि ट्रकच्या चॅसीवर बॉडी बांधणारा कारागीर पुढचा भाग सजवताना आत काय आहे हे पाहत नाही. नव्या गाडीला हार घालावा, लिंबू-मिरची बांधावी, त्याला कोणाची हरकत नाही. ती रडारच्या तोंडासमोर लोंबू नये एवढेच. व्यापारी वाहनांना ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यासाठी स्वयंचलित तपासणी केंद्रे आपणच उभारत आहात. तिथे ब्रेक आणि धूर तपासतात, तसे रडारचे तोंड सरळ आहे का हेही तपासता येईल. ते न केल्यास कारखान्यातून उत्तीर्ण होऊन निघालेली यंत्रणा तीन वर्षांत शोभेची होईल, आणि कागदोपत्री मात्र सक्ती शंभर टक्के पाळलेली दिसेल.

डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आपण स्पष्ट कबूल केलेत की अपघात घटवण्याचे उद्दिष्ट दूरच, आकडे वाढतच आहेत. असे बोलणारे मंत्री कमी असतात. त्याच मोकळेपणाने या यंत्रणेचा हिशेबही लोकांसमोर मांडावा. अपघातांची नोंद ठेवणारी एकात्मिक माहिती-प्रणाली आयआयटी मद्रासच्या मदतीने उभी राहिलेली आहेच. तीत दोन रकाने वाढवावेत: वाहनात आपत्कालीन ब्रेक होता का, आणि धडकेआधी तो लागला का. पाच वर्षांत आपल्याकडे स्वतःचा पुरावा जमा होईल आणि अमेरिकेच्या आकड्यांवरून वाद घालायची वेळ माझ्यासारख्यांवर येणार नाही. पुण्यात एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, पिथमपूरला चाचणी मार्ग आहे. उसाच्या ट्रॉलीची किंवा दुचाकीची मऊ प्रतिकृती बनवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आपल्याकडे मागणे असे आहे: एआयएस १६२ च्या पुढच्या दुरुस्तीत थांबलेला ट्रक, दुचाकी आणि दिवे नसलेली ट्रॉली यांच्या रात्रीच्या चाचण्या घाला, आणि त्यांचे निकाल कंपनीच्या व मॉडेलच्या नावानिशी प्रसिद्ध करा.

कळावे,
आपला,
एक नागरिक